राणीसावरगावातून पुण्यात येताय? खोलीच्या आधी रस्ता ठरवा

गंगाखेड तालुक्यात पोरगं बारावी झालं, आयटीआय झालं किंवा पदवीचं शेवटचं वर्ष संपलं की घरात एक वाक्य हमखास येतं. "पुण्याला पाठवून बघू." मग सोयाबीनची पट्टी आली की त्यातले थोडे पैसे बाजूला काढले जातात. पुण्यात आपलं कोण आहे, याची चौकशी सुरू होते. मामाचा पोरगा वाघोलीला आहे, चुलत बहिणीचे दीर भोसरीला आहेत, शाळेतला एक मित्र कात्रजला आहे. ज्याचा फोन आधी लागतो त्याच्याकडं बॅग घेऊन जायचं, आठ दिवस त्याच्या खोलीवर काढायचे आणि त्याच बिल्डिंगमध्ये किंवा शेजारच्या गल्लीत जागा बघायची.

राणीसावरगाव असो, गंगाखेड असो की पालम, पद्धत हीच. आणि चूक होते तीही इथंच.

मी २०१९ मध्ये नेमकं हेच केलं होतं. ओळखीची एक ताई खराडीला राहायची, म्हणून मीही खराडीला कॉट घेतली. कॉलेज होतं कर्वेनगरला. ज्यांना पुणं माहीत आहे त्यांना एवढं ऐकूनच हसू येईल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : रोज दोन बस, एका बाजूला पावणेदोन तास. तीन महिन्यांत मी वैतागून खोली सोडली आणि डिपॉझिट बुडालं, कारण हातात एकही कागद नव्हता. घरून आणलेल्या पैशांतला मोठा वाटा असा गेला. पुढचे कितीतरी दिवस आईचा फोन आला की "जेवलीस का गं?" ला "हो" म्हणताना मी मनातल्या मनात हिशोब करत असायचे.

म्हणून हा लेख. पुण्यात काय बघावं, कुठं खावं हे इंटरनेटवर भरपूर सापडतं. आधी लागतं ते वेगळंच असतं.

पुणं म्हणजे सात रस्ते

पुण्याचा नकाशा पहिल्यांदा उघडला की डोकं गरगरतं. पण एक सोपी युक्ती आहे. मधोमध जुन्या पेठा आहेत आणि तिथून चहूबाजूंना मोठे रस्ते निघतात. बहुतेक रस्त्यांना ते ज्या गावाला जातात त्याचंच नाव. हे सात रस्ते डोक्यात बसले की अर्धं पुणं कळलं.

आपल्याकडच्या बस ज्या रस्त्यानं शहरात शिरतात तो नगर रोड. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी रस्त्याला सगळे नगर रोडच म्हणतात. यावर वाघोली, खराडी, विमाननगर, येरवडा. इथं आयटी कंपन्या आणि कॉल सेंटरची कामं भरपूर. शहराबाहेर पुढं रांजणगाव एमआयडीसी आहे.

सोलापूर रोडवर हडपसर, मगरपट्टा, मांजरी. सातारा रोडवर धनकवडी आणि कात्रज. भारती विद्यापीठ आणि आंबेगावची कॉलेजं याच बाजूला. सिंहगड रोडवर वडगाव आणि धायरी, इथंही इंजिनिअरिंगची पोरं खूप. पश्चिमेला कर्वे रोड आणि त्यातून फुटणारा पौड रोड, म्हणजे डेक्कन, कोथरूड, कर्वेनगर, वारजे. जुन्या मुंबई रोडवर खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, निगडी. आणि नाशिक रोडवर भोसरी, मोशी, चाकण, म्हणजे कारखाने. फिटर, वेल्डर, डिप्लोमावाल्यांचं काम बहुतेक याच दोन रस्त्यांवर असतं.

हिंजवडी यातल्या कुठल्याच रस्त्यावर नीट बसत नाही, आणि तिथं रोज जाणारा प्रत्येक माणूस तुम्हाला हेच सांगेल. ती वाकडच्या पलीकडं आहे. हिंजवडीत काम लागलं तर वाकड, थेरगाव, ताथवडे याच भागात राहा.

नियम एकच : ज्या रस्त्यावर तुमचं काम किंवा कॉलेज, त्याच रस्त्यावर तुमची खोली. नातेवाईक दुसऱ्या रस्त्यावर असतील तर रविवारी भेटायला जा. पुण्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत, वेळेत मोजतात. गंगाखेडहून परभणीला जायला जितका वेळ लागतो तितका वेळ इथं संध्याकाळी सात वाजता वाघोलीहून डेक्कनला पोहोचायला लागू शकतो.

मेट्रोनं यात थोडा फरक पाडला आहे. ६ मार्च २०२२ ला पहिले तुकडे सुरू झाले आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला. एक मार्ग पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, दुसरा वनाज ते रामवाडी, आणि दोन्ही सिव्हिल कोर्टला एकमेकांना छेदतात. म्हणजे कोथरूडला कॉलेज आणि येरवड्याला खोली हे आता जमतं. हिंजवडीला नोकरी आणि वाघोलीला खोली हे अजूनही जमत नाही. खोली बघताना मेट्रो स्टेशनला चालत किती मिनिटं लागतात, हे मालकाला न विचारता स्वतः चालून बघा. मालकाची पाच मिनिटं म्हणजे आपली पंधरा.

आता एक गंमत. पुण्यात 'नांदेड' आहे. सिंहगड रोडवर नांदेड नावाचं गाव आहे आणि तिथंच 'नांदेड सिटी' नावाची भलीमोठी वसाहत. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा बसवर 'नांदेड सिटी' पाटी बघतो तेव्हा क्षणभर थबकतोच. वडगावही दोन : नगर रोडला वडगाव शेरी, सिंहगड रोडला वडगाव बुद्रुक. पिंपळेही तीन : सौदागर, गुरव आणि निलख. आपल्याकडं सावरगावं कितीतरी, म्हणून 'राणी' लावल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही. तसंच इथंही पूर्ण नाव सांगायचं, नाहीतर रिक्षावाला दुसऱ्याच टोकाला सोडेल आणि पैसे पूर्ण घेईल.

पहाटे उतरल्यावर

गंगाखेडहून पुण्याला थेट रेल्वे आहे. नांदेड-पनवेल गाडी परळी, लातूर, बार्शी, कुर्डूवाडी, दौंड करत रात्रीतून पुण्यात आणते. एसटी आणि ट्रॅव्हल्स आहेतच. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. आमच्यासारख्या मुलींचं दोन महिन्यांतून एकदा घरी जाणं त्यानंतर परवडायला लागलं. त्याआधी सणावारीच घर दिसायचं.

मराठवाड्याकडच्या एसटी शिवाजीनगर स्थानकाच्या म्हणून ओळखल्या जातात. पण मेट्रोच्या कामामुळं ते स्थानक २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलं. तिकिटावर शिवाजीनगर असलं तरी तुम्ही वाकडेवाडीला उतरता. घ्यायला येणाऱ्याला हे आधीच सांगा. ट्रॅव्हल्सवाले नगर रोडवर वाघोली, खराडी, चंदननगर असं सोडत संगमवाडीपर्यंत जातात.

पहाटे चार-साडेचारला एकट्यानं, विशेषतः एकटीनं उतरायची वेळ आली तर उजाडेपर्यंत स्थानकातच, उजेडात, माणसांत बसा. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकात गावी निघालेल्या तरुणीला "तुझी बस तिकडं लागलीय" असं सांगून एका रिकाम्या शिवशाहीकडं नेलं गेलं आणि तिच्यावर अत्याचार झाला. सांगणाऱ्यानं तिच्याशी ओळखीच्या माणसासारखं 'ताई' म्हणत बोलणं केलं होतं. बस कुठं लागली हे फक्त नियंत्रण कक्षाच्या खिडकीवर विचारायचं. कुणी कितीही आपुलकीनं सांगितलं तरी. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते आणि पुणे रेल्वे स्टेशनला लागूनच मेट्रोचं स्टेशन आहे. तासभर थांबणं सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित.

कॉट, डिपॉझिट आणि तो कागद

पुण्यात खोली दोन प्रकारे मिळते. पूर्ण फ्लॅट किंवा खोली घेऊन चार जणांनी वाटून राहायचं, नाहीतर 'कॉट बेसिस', म्हणजे एका खोलीत चार-पाच कॉट आणि तुमच्या मालकीची त्यातली एक. सदाशिव, नारायण, शुक्रवार, नवी पेठ या भागात कॉटचाच धंदा आहे.

पैसे देण्याआधी खोली दोनदा बघा. एकदा दिवसा, एकदा रात्री. दिवसा पाणी किती वेळ येतं हे शेजाऱ्याला विचारा. रात्री बिल्डिंगखालची गल्ली कशी असते ते स्वतः बघा. टाकी किती जणांत आहे हेही विचारा. महापालिका देखभालीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते, तेव्हा बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायची सवय लागेल. आपल्या लोकांना ते शिकवावं लागत नाही म्हणा.

मात्र पाणी पिण्याबाबत सावध राहा. २०१७ आणि २०२१ मध्ये आजूबाजूची मिळून ३४ गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. हद्दीत आलेल्या सगळ्या भागांत पाण्याची सोय शहरासारखी झालेली नाही, वाघोलीत टँकर रोजचे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या याच नव्या भागांत, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला, गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. पहिले काही महिने पाणी उकळून प्या.

आता कागद. पुण्यात तुम्हाला सगळे सांगतील, "अकरा महिन्यांचा करार आहे, रजिस्टर करायची गरज नाही." महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, त्यातूनच अकरा महिन्यांची पळवाट निघाली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानं ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं : नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला ते खोटं सिद्ध करावं लागतं.

हे मला २०१९ ला माहीत असतं तर मी मालकापुढं "काका, प्लीज" करत उभी राहिले नसते.

करार ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठ्यावर. एजंट यंत्र घेऊन घरी येतात. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात), शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये, आणि वर एजंटचे पैसे. चौघांत वाटलं तर एका महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा कमी पडतं. करारात तीन गोष्टी शोधा : डिपॉझिट किती आणि परत कधी, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, आणि रंगरंगोटीचे पैसे कोण देणार. तिसऱ्या मुद्द्यावर पुण्यातली बरीच डिपॉझिट कापली जातात. राहायला गेल्या दिवशीच भिंती, नळ, पंखा, कॉट यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

कॉटवाल्यांचं काय? तिथं करार कोणी करत नाही, हे खरं. मग किमान पैसे रोख देऊ नका. यूपीआयनं द्या आणि 'डिपॉझिट' असं लिहून द्या. रोखच मागत असतील तर पावती मागा, मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. पावतीचं नाव काढल्यावर ज्याचा आवाज चढतो त्याची खोली नको.

ऑनलाइन जाहिरातीत सुंदर फ्लॅट, भाडं निम्मं, मालक 'लष्करात आहे, बदली झालीय' आणि टोकन म्हणून क्यूआर कोड पाठवतोय, असं दिसलं की फोन ठेवा. पैसे घेण्यासाठी कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. नोकरी लावून देतो म्हणून आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्यांचंही तेच. फसलातच तर लाजेनं गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातातून गेले.

ज्याचा हक्क आहे ते मागा

हा भाग माझ्या ओळखीच्या निम्म्या पोरांना माहीत नव्हता, म्हणून जरा सविस्तर.

तुम्ही अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातले असाल, घरापासून दूर कॉलेजात प्रवेश घेतला असेल आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर समाजकल्याण विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात. अनुसूचित जमातीसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. उत्पन्नाची, गुणांची आणि हजेरीची अट असते, पैसे येतात तेही हप्त्यानं आणि उशिरा. त्यामुळं पहिल्या सहा महिन्यांचा खर्च यावर धरू नका, पण अर्ज पहिल्याच महिन्यात करा. जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला गंगाखेडहून निघण्याआधी काढून घ्या. पुण्यातून एका दाखल्यासाठी तहसीलला हेलपाटा म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्रींचा प्रवास.

एक लक्षात ठेवा, या योजना कॉलेजात प्रवेश असणाऱ्यांसाठी आहेत. नुसती एमपीएससीची तयारी करणाऱ्याला त्या मिळत नाहीत. त्यांच्यासाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांचे प्रशिक्षण कार्यक्रम आहेत, ज्यात निवड झाली तर क्लासची फी वाचते आणि विद्यावेतनही मिळतं. बार्टी आणि सारथीची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत.

सरकारीशिवायही जागा आहेत. ग्रामीण भागातल्या मुलामुलींसाठी १९५५ पासून चालणारी विद्यार्थी साहाय्यक समिती पुण्यात आहे. तिथं अत्यल्प खर्चात राहणं आणि जेवण होतं, पण प्रवेशासाठी मुलाखत असते आणि रोज संस्थेचं थोडं काम करावं लागतं. विद्यापीठात आणि अनेक कॉलेजांत 'कमवा व शिका' योजना आहे. कामाची लाज वाटते म्हणून अर्ज न करणारे मी पाहिलेत, आणि त्याच योजनेतून एमए झालेलेही.

सदाशिव पेठेत अभ्यासाला येणाऱ्यांना आणखी एक सांगणं आहे, रागावू नका. कॉट, मेस, अभ्यासिका, क्लास, पुस्तकं हा खर्च दर महिन्याला घरून येतो आणि परीक्षेच्या तारखा मात्र आयोगाच्या हातात असतात. मार्च २०२१ मध्ये परीक्षा ऐनवेळी पुढं ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर हजारो पोरं रस्त्यावर बसली होती, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा तेच चित्र. येण्याआधी घरच्यांसोबत बसून किती वर्षं आणि किती पैसे, हे आकडे कागदावर लिहा. घरी परत जाणं म्हणजे हरणं, असं वाटायला लागलं की माणूस सहावं वर्षही काढतो.

रोजचं जगणं

मेस लावताना आधी आठ दिवसांचे पैसे द्या, महिन्याचे नको. पहिल्या आठवड्यातली भाजी आणि तिसऱ्या आठवड्यातली भाजी यात फरक पडतो. आणि पुणेरी वरणात गूळ असतो, त्याची तयारी ठेवा. मी अजूनही गावाकडून येताना काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी आणते.

स्वतः करून खायचं तर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पुण्यातल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. कुटुंबासह कामाला येणाऱ्यांनी गावचं रेशन कार्ड गावातच ठेवून येऊ नये. 'वन नेशन वन रेशन कार्ड'मुळं तुमच्या वाट्याचं धान्य पुण्यातल्या दुकानातही अंगठा लावून मिळतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या उपचारांसाठीही तेच कार्ड लागतं, त्यामुळं निदान त्याची प्रत जवळ असू द्या. मोठं आजारपण आलं तर रेल्वे स्टेशनजवळचं ससून हे सरकारी रुग्णालय आहे. रांग लागते, पण घरची जमीन विकावी लागत नाही.

बसमध्ये पहिला महिना दिवसाचा पास काढा. जून २०२५ मध्ये भाडं वाढलं तेव्हा तो ७० रुपयांचा झाला. तरी चुकीच्या बसमध्ये बसण्याची भीती जाते, कारण चुकलात तरी तिकीट वाया जात नाही. मुलींसाठी 'तेजस्विनी' बस आहेत, दर महिन्याच्या आठ तारखेला त्या मोफत असतात.

आणि भाषा. तुम्ही "काय करायलास?" म्हणाल आणि समोरचा हसेल. "काहून" म्हणाल आणि कुणीतरी "तुम्ही विदर्भातले का?" विचारेल. कॉलेजच्या पहिल्या प्रेझेंटेशननंतर मला एका मुलीनं अगदी प्रेमानं सांगितलं होतं, "तू छान बोलतेस, फक्त ते गावाकडचं काढून टाक." मी वर्षभर काढायचा प्रयत्न केला. त्या वर्षात मी वर्गात फारसं बोललेच नाही. नंतर कळलं की वर्गातली अर्धी पोरं बार्शी, बीड, जत, धुळ्याची होती आणि तीही याच भीतीनं गप्प होती. ऑफिसच्या ईमेलमध्ये प्रमाण मराठी लिहा, ते जमलंच पाहिजे. चहाच्या टपरीवर आपलं बोला. पुण्यात मराठवाड्याची इतकी माणसं आहेत की दुसरा "कोणत्या गावचे?" विचारतोच. मराठवाडा मित्र मंडळ नावाची संस्था तर इथं १९६७ पासून कॉलेजं चालवते.

गरज पडली की हे शहर धावूनही येतं. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीवर कोयत्यानं हल्ला झाला तेव्हा हल्लेखोराला अडवायला पुढं झाले ते स्पर्धा परीक्षेची तयारी करायला आलेले तरुणच होते.

रविवारी एक रस्ता

सगळं पुणं एकदम बघायच्या नादाला लागू नका. एका रविवारी एक रस्ता, तोही शक्यतो पायी आणि बसनं.

सुरुवात नगर रोडनं करा. येरवड्याला आगाखान पॅलेस आहे, १८९२ चा. १९४२ च्या आंदोलनात गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना इथं कैदेत ठेवलं होतं. महादेवभाई आणि कस्तुरबा दोघंही इथंच गेले, त्यांच्या समाध्या मागच्या बाजूला आहेत. आपल्या बस रोज याच्या समोरून जातात आणि आतले निम्मे लोक तेव्हा बॅगा काढण्यात गुंतलेले असतात.

पेठांसाठी एक पूर्ण दिवस ठेवा. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं, तुळशीबाग, मंडई, आणि तिथून चालत गंज पेठेतला फुले वाडा. जोतीराव आणि सावित्रीबाईंचं घर, अंगण आणि १८६८ मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद. शनिवारवाड्यापेक्षा इथं गर्दी कमी असते आणि मला विचाराल तर आधी इथं या. जंगली महाराज रोडवर ऐन रहदारीत पाताळेश्वराची आठव्या शतकातली लेणी आहेत, आत गेलं की हॉर्न ऐकू येत नाहीत. खिसा रिकामा असेल त्या दिवशी पर्वती चढा. वरून सातही रस्ते कोणत्या दिशेला जातात ते दिसतं आणि आपली खोली शोधायचा खेळ खेळता येतो.

दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, हा विनोद तुम्ही ऐकला असेल. त्या विनोदाचे मानकरी चितळे २०१७ पासून दुपारीही उघडे आहेत. पेठेतली काही छोटी दुकानं मात्र अजून परंपरा पाळतात.

आणि पहिल्या वर्षी पालखीचा दिवस चुकवू नका. ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पंढरपूरला जाताना पुण्यात मुक्काम करतात, एक भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, दुसरी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दोन दिवसांत पेठांतल्या शाळा, वाडे, मंगल कार्यालयं वारकऱ्यांनी भरून जातात. त्यात मराठवाड्याच्या दिंड्या असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका शाळेच्या पायरीवर बसलेल्या आजीनं विचारलं, "कुठली गं तू?" मी गंगाखेड म्हणाले. आजी सरकून बसली, शेजारी जागा केली आणि म्हणाली, "मग जनाईच्या गावची की." तिच्या पिशवीतली अर्धी भाकरी मी तिथंच खाल्ली.